वाटणीपत्र

आम्हां पार्लेकरांना वाटणीचे भय नाही. रेल्वेने गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन हिस्से पाडले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. आजही आमच्या पूर्वेचा माणूस पश्चिमेला भाजी आणायला निघाला तर घरी सांगून जातो. तेव्हा संगणकावर लिनक्स चढवताना "डिस्कचे विभाग आपोआप पाडू, की तुम्ही स्वतः पाडाल?" असा प्रश्न पडद्यावर उमटला, त्या वेळी मी बाणेदारपणे 'स्वतः'वर टिचकी मारली.

लिनक्सची कल्पना पुतण्याची. आमच्या जुन्या संगणकाला धाप लागत असे. पुतण्या म्हणाला, "काका, लिनक्स टाका. हलकं आहे आणि फुकट आहे." यातल्या दुसऱ्या गुणापुढे मध्यमवर्गीय माणूस वाद घालत नाही.

टिचकी मारल्यावर मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. रूट किती? स्वॅप किती? माउंट पॉइंट कोणता? पॉइंट म्हटले की मला माथेरान आठवते. शेवटी 'नवा तक्ता' असे एक निरुपद्रवी बटण दिसले. ते दाबताच 'जुने सर्व विभाग जातील' असा इशारा आला. सरकारी फॉर्मखालचा बारीक मजकूर आपण वाचतो तितकाच तो वाचून मी 'होय' म्हटले. पडद्यावर एकच ओळ उरली : 'मोकळी जागा'.

त्या मोकळ्या जागेत अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी गावच्या घराची हकीकत सांगितली होती आणि मी ती ध्वनिमुद्रित करून 'डी'मध्ये ठेवली होती. अकरा भाग. दुसरी प्रत नव्हती. करायची होती. "अहो, चहा घेता ना?" असे आतून विचारले गेले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

या तक्त्याची कुळकथा मी नंतर खणून काढली. आयबीएमने मार्च १९८३ मध्ये 'एक्सटी' हा संगणक आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. अप्पांच्या बोलण्यातली पहिली दहा मिनिटे तीत कशीबशी मावली असती, आणि तेवढा वेळ अप्पांना घसा खाकरायलाच लागे. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपींनी आधीच अडवलेली, म्हणून डिस्कच्या वाट्याला 'सी' आले. आता फ्लॉपी गेल्या, तरी पागडीच्या खोल्यांसारखी ती दोन अक्षरे अजून त्यांच्याच नावावर आहेत.

त्याच वर्षीच्या डॉस २.० बरोबर डिस्कची वाटणी करणारा 'एफडिस्क' आला. वाटणीपत्र मोठे आटोपशीर. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत, तळाशी, ६४ बाइटांचा तक्ता. प्रत्येक वारसाला १६ बाइट, म्हणजे वारस चार. आणि शेवटी दोन बाइटांचा सहीशिक्का. एकाच डिस्कवर निरनिराळ्या प्रणाली नांदाव्यात, हा हेतू. चार हिस्से पुरतील असे वाटणाऱ्यांनी कोकणातले एकत्र कुटुंब पाहिले नसावे. व्हायचे तेच झाले. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये चौघांपैकी एकाच्या हिश्शात आणखी हिस्से पाडायची मुभा द्यावी लागली. चाळीच्या भाषेत, पोटभाडेकरू. शिवाय ३२ बिटांत मोजणी असल्याने या तक्त्याला नेहमीच्या डिस्कवर २ टेराबाइटच्या पलीकडचे शिवार दिसत नाही. म्हणून पुढे 'जीपीटी' नावाचा नवा तक्ता निघाला. त्यात सहसा १२८ वारसांची सोय असते. आमचा संगणक जुना, त्यामुळे वाटणीपत्रही जुनेच.

पण हा सारा इतिहास त्या संध्याकाळी काय कामाचा? मी थरथरत्या हाताने पुतण्याला फोन लावला.

"काका, त्यानंतर काही लिहिलंत का डिस्कवर?"

"नाही रे. रडायच्या बेतात आहे फक्त."

"मग संगणक बंद करा आणि हात लावू नका. सातबारा फाटला म्हणून जमीन वाहून जाते का? वर दुसऱ्यानं घर बांधलं तर मात्र गेलं."

ज्याने जन्मात स्वतःचे शेत पाहिले नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला अप्पांचा नातू ओळखू आला.

रविवारी तो आला, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि 'टेस्टडिस्क' नावाचा कार्यक्रम चालवला. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या गृहस्थाने लिहिलेला, तोही फुकट. प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. जुना तलाठी बांधाचे दगड हुडकत हिंडावा, तसा हा कार्यक्रम त्या खुणा हुडकत सबंध डिस्क हिंडला आणि त्यांवरून तक्ता पुन्हा लिहून मोकळा झाला. 'सी' आली. मग 'डी' आली. आणि अप्पांनी घसा खाकरला.

सातव्या भागात घराच्या वाटणीची हकीकत आहे. अंगणातून दोरी धरली, माजघराला मधोमध भिंत घातली, फणससुद्धा मोजले. "विहीर तेवढी सामाईक ठेवली," अप्पा सांगतात. "तिची वाटणी केली असती, तर तिघेही तहानेनं मेलो असतो."

ते अकरा भाग आता तिघा भावांच्या घरी आहेत. लिनक्सही चढले, विभाग आपोआप पाडून घेतले.