रस्त्याचा पडदा (संगीत नाटक)

रस्त्याचा पडदा हा मराठी संगीत नाटकाच्या नेपथ्यातील एक रंगविलेला पडदा होय. रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंची घरे, माड्या, दुकाने आणि दूरवरचा देवळाचा कळस असे नगरवस्तीचे चित्र त्यावर काढलेले असे. राजवाडा, अरण्य, बाग, देऊळ, तुरुंग इत्यादी पडद्यांप्रमाणे तो नाटक मंडळीच्या कायमच्या सामानाचा भाग असे व एकच पडदा अनेक नाटकांत वापरला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत नगरवस्ती रंगमंचावर दाखविण्याची ही रूढ पद्धत होती.

पार्श्वभूमी

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा नेपथ्य अगदी साधे होते. स्थळ कोणते हे सूत्रधाराच्या पदांतून आणि पात्रांच्या बोलण्यातून कळे. पुढे मुंबईतील इंग्रजी व पारशी नाटक मंडळ्यांच्या प्रभावाने रंगविलेले पडदे मराठी रंगभूमीवर रुळले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले.

सांगली, मिरज, कोल्हापूर व शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हा कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील पट्टा गायनकलेसाठी प्रसिद्ध होता. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म कुरुंदवाड येथे १८७२ साली झाला व त्यांचे गायनाचे शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाले. या भागातील प्रेक्षक नाटकाला प्रामुख्याने गाणे ऐकण्यासाठी येत असल्याने नेपथ्याला गायनाच्या सोयीने वागावे लागे.

रंगमंचावरील उपयोग

संगीत नाटकाच्या एका अंकात अनेक प्रवेश असत. राजवाडा किंवा दिवाणखाना यांसारख्या खोल प्रवेशासाठी आसने, तक्तपोस, झाडे इत्यादी सामान मांडावे लागे. त्यास वेळ मिळावा म्हणून मधला प्रवेश रंगमंचाच्या पुढच्या पट्ट्यात घेतला जाई आणि त्याच्या मागे रस्त्याचा पडदा सोडला जाई. पुढे पात्रे बोलत-गात असताना पडद्यामागे पुढील प्रवेशाची मांडणी होई. त्यामुळे नाटककारांनाही रस्त्यावरच्या भेटी, निरोप व विनोदी प्रवेश यांची योजना करावी लागे.

गायनाच्या दृष्टीनेही ही रचना सोयीची होती. गायक नट प्रेक्षकांच्या व साथीदारांच्या जवळ उभा राही. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचविण्यास हे आवश्यक होते.

काही नाटकांत रस्ता केवळ भरतीचा नसून कथानकाचा आधार असतो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ (१९१६) या नाटकात वाटेत भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते आणि तेथे पडलेल्या तसबिरीमुळे संशयाची मालिका सुरू होते. अशा प्रसंगी एकमेकांवर नजर ठेवणारी वस्ती प्रेक्षकांना जाणवणे गरजेचे असते.

रचना व मर्यादा

पडदा जाड कापडाचा असे. कापडावर सरस व पांढऱ्या रंगाचा हात देऊन त्यावर सरसात कालवलेल्या रंगांनी चित्र काढीत. खालच्या कडेला बांबू किंवा लाकडी दांडा असे व दोरीने पडदा गुंडाळून वर घेतला जाई. गुंडाळलेले पडदे फिरत्या मंडळ्यांना बैलगाडीने किंवा रेल्वेने नेणे सोपे जाई. दोन्ही बाजूंच्या विंगा व वरच्या झालरी यांनी चित्राची चौकट पूर्ण होई.

रस्ता दूर जात असल्याचा आभास यथार्थदर्शनाने साधला जाई. मात्र नट पडद्याजवळ गेल्यास तो चित्रातील घरांपेक्षा उंच दिसे. चित्रातील दार उघडत नसे आणि खिडकीतून कोणी डोकावत नसे. चित्रातील वस्तीही बहुधा निर्मनुष्य ठेवली जाई, कारण रंगविलेली माणसे प्रवेशभर एकाच ठिकाणी खिळलेली दिसली असती. एकच पडदा पुणे, उज्जयिनी किंवा एखादे काल्पनिक नगर म्हणून वापरला जात असल्याने वस्तीला स्वतःची ओळख राहत नसे.

कोल्हापूरचे योगदान

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व आनंदराव पेंटर यांनी १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांचे तसेच गुजराती-पारशी मंडळ्यांचे पडदे रंगविले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सावकारी पाश’ (१९२५) हे त्यांचे उल्लेखनीय मूकपट होत. चित्रपटात त्यांनी रंगविलेल्या पडद्याऐवजी पात्रांना वावरता येईल अशा घन, त्रिमितीय नेपथ्याचा पुरस्कार केला.

छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधले. गायक नट व ललितकलादर्श मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव पुढे या नाट्यगृहास देण्यात आले.

बंदिस्त दृश्यबंध

केशवरावांच्या निधनानंतर बापूराव पेंढारकरांच्या नेतृत्वाखाली ललितकलादर्शने मामा वरेरकरांची सामाजिक नाटके सादर केली. पु. श्री. काळे हे या मंडळीचे चित्रकार होते. ‘सोन्याचा कळस’ (१९३२) या वरेरकरांच्या नाटकात मुंबईतील गिरणी कामगारांचे जीवन आले. नाट्यमन्वंतर संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) हे नाटक खऱ्या दारे-खिडक्या असलेल्या बंदिस्त दृश्यबंधासाठी ओळखले जाते. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ (१९४२) मध्येही मध्यमवर्गीय घर केंद्रस्थानी आहे. दार उघडू लागले, परंतु रस्ता दाराबाहेर गेला. प्रवेशांची संख्या घटल्याने रस्त्याच्या पडद्याची यांत्रिक गरजही संपली.

मानवी भिंत

नगरवस्ती संगीतमय नाटकात पुन्हा केंद्रस्थानी आणणारे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत व कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन असलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. गाणाऱ्या नटांची ओळ हाच त्यातील मुख्य दृश्यबंध आहे. ती कधी भिंत होते, कधी पडदा, तर कधी पुण्याची गल्ली. जुन्या पडद्यावरील घरांना डोळे नव्हते. येथे भिंतच पाहते, पाठ फिरवते आणि गुन्ह्याला आडोसा देते. १९८० च्या युरोप दौऱ्यात हे नाटक परदेशी प्रेक्षकांसमोर आले.

वारसा

कापड, सरस व दोरी यांचे आयुष्य मर्यादित असते. ओल, कसर व सततची गुंडाळी यांमुळे रंगाचे पोपडे निघतात. शिवाय पडदे वापराचे सामान मानले जात असल्याने जुने चित्र खराब झाल्यावर त्याच कापडावर नवे रंगविणे सोयीचे असे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागून रंगमंचासह वास्तूचे मोठे नुकसान झाले. छायाचित्रे, नाटकांच्या संहितांतील रंगसूचना आणि पु. श्री. काळे यांच्या ‘ललितकलेच्या सहवासात’ या पुस्तकासारख्या आठवणी ही या कलेच्या अभ्यासाची महत्त्वाची साधने आहेत.