गंधक-३३ आणि आदिम वातावरण

पृथ्वीच्या आदिम वातावरणात मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, हे अनुमान भूवैज्ञानिकांनी जुन्या नद्यांच्या गाळात न गंजता टिकलेल्या पायराइट व युरेनिनाइट या खनिजांच्या कणांवरून पूर्वीच काढले होते. मात्र त्या हवेतील रासायनिक क्रियेची थेट नोंद खडकातील गंधकात दडलेली होती, आणि ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहण्यास एक रूढ समजूत बऱ्याच अंशी कारणीभूत ठरली.

एकाच मूलद्रव्याच्या, परंतु भिन्न वस्तुमानाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. गंधकाचे स्थिर समस्थानिक ३२, ३३, ३४ आणि ३६ असे चार असून त्यांत गंधक-३२ सुमारे ९५ टक्के, तर गंधक-३३ एक टक्क्याहूनही कमी असतो. नेहमीच्या रासायनिक व जैविक क्रियांत हे अणू वस्तुमानातील फरकाच्या प्रमाणात वेगळे होतात, म्हणजे गंधक-३४ जितका बदलतो त्याच्या साधारण निम्म्याने गंधक-३३ बदलतो. या नियमावरील भरवशामुळे बहुतेक प्रयोगशाळा ३४ व ३२ यांचेच गुणोत्तर मोजून थांबत, आणि नियमाबाहेरचे मूल्य आढळलेच तर ते अणुकेंद्रातील प्रक्रियांचे लक्षण मानले जाई. १९८३ मध्ये मार्क थीमेन्स आणि जॉन हायडेनराइख यांनी निव्वळ रासायनिक क्रियेने तयार झालेल्या ओझोनमध्येच ऑक्सिजनच्या समस्थानिकांबाबतचा असा नियम मोडलेला दाखवला.

पुढे २००० साली जेम्स फार्कर, ह्युइमिंग बाओ व थीमेन्स यांनी प्राचीन खडकांतील गंधक सल्फर हेक्साफ्लोराइड या वायूच्या रूपात तपासला. फ्लोरिनला एकच स्थिर समस्थानिक असल्याने या वायूच्या वस्तुमानातील फरक केवळ गंधकाचा असतो; सल्फर डायऑक्साइड वापरल्यास ऑक्सिजनचे समस्थानिक मोजणीत घोळ घालतात. सुमारे २४५ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत नियमभंग ठळक होता, नंतरच्या खडकांत तो जवळजवळ नाहीसा झालेला होता. ज्वालामुखींतून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचे रेणू अतिनील किरणांनी फुटताना ही विषमता निर्माण होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. ऑक्सिजनविरहित हवेतून गंधक मूलद्रव्यरूपात आणि सल्फेटरूपात अशा वेगवेगळ्या वाटांनी जमिनीवर उतरतो आणि विषमता टिकते. ऑक्सिजन आला की सगळ्याचे सल्फेट होऊन ती पुसली जाते, शिवाय ओझोनचा थर ते किरणही अडवतो. अलेक्झांडर पाव्हलोव्ह व जेम्स कास्टिंग यांच्या २००२ मधील गणितानुसार ही खूण टिकण्यासाठी ऑक्सिजन आजच्या पातळीच्या एक लक्षांशाहून कमी हवा. गाळाच्या खडकांतून इतकी नेमकी मर्यादा हाती यावी, ही या पद्धतीची खरी कमाई होय.

मंगळाकडेही हीच कसोटी वळली. १९११ मध्ये इजिप्तमध्ये पडलेल्या नाखला या मंगळावरील अशनीत गंधक-३३ची अशीच विषमता आढळली. पुढे २०१४ मध्ये हेदर फ्रान्झ व सहकाऱ्यांनी ४० मंगळीय अशनी तपासले, तेव्हा तेथील गंधक-३३ व गंधक-३६ यांचा परस्परसंबंध पृथ्वीच्या आदिम खडकांतील संबंधाशी जुळत नसल्याचे दिसले. म्हणजे दोन्ही ग्रहांवर गंधकावर प्रकाशाचा परिणाम झाला असला, तरी त्यांच्या वातावरणांचे रसायन एकाच धाटणीचे नव्हते.