मेनोनाइट मंडळ्यांची वार्षिक परिषद : स्वरूप आणि महत्त्व

मेनोनाइट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील एक शांततावादी पंथ आहे. या पंथात पोपसारखे सर्वोच्च पद नाही. प्रत्येक गावातील किंवा शहरातील उपासक समूहाला 'मंडळी' म्हणतात आणि ती आपला बराचसा कारभार स्वतः पाहते. मग अनेक मंडळ्यांना मिळून निर्णय घ्यायचा असेल तर तो कुठे होतो? वार्षिक परिषदेत. 'परिषद' हा शब्द मंडळ्यांच्या विभागीय संघटनेसाठी आणि तिच्या सभेसाठीही वापरला जातो.

सभेची परंपरा कशी सुरू झाली?

२१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे काही तरुणांनी एकमेकांना प्रौढ वयात बाप्तिस्मा दिला. श्रद्धा समजून-उमजून स्वीकारायची असते, म्हणून तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नाही, असे त्यांचे मत होते. शासनाला हे मान्य नव्हते. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ यांना जानेवारी १५२७ मध्ये नदीत बुडवून मारण्यात आले. पुढच्याच महिन्यात या विचाराचे लोक श्लाइटहाइम येथे गुपचूप जमले आणि त्यांनी सात कलमांवर एकमत केले. शस्त्र न उचलणे आणि शपथ न घेणे ही त्यांतली दोन. या कलमांशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या मिखाएल सॅटलर यांनाही मे १५२७ मध्ये मृत्युदंड झाला. पंथाला पुढे मेनो सिमन्स या डच धर्मगुरूंवरून नाव मिळाले.

परिषदेत काय चालते?

मंडळ्या आपले प्रतिनिधी पाठवतात. अहवाल, अंदाजपत्रक, पदाधिकाऱ्यांची निवड आणि ठराव हे मुख्य कामकाज असते. अमेरिकेतील अनेक सभांमध्ये प्रतिनिधी छोट्या गटांत टेबलांभोवती बसून आधी चर्चा करतात, मग मतदान होते. तेथील राष्ट्रीय अधिवेशन साधारणपणे दोन वर्षांनी भरते, तर विभागीय परिषदांच्या सभा दरवर्षी होतात.

कामकाजाच्या आधी आणि मध्ये प्रार्थना, बायबलवरील प्रवचन आणि समूहगायन असते. वाद्यांशिवाय, चार वेगवेगळ्या स्वरांत एकत्र गाणे ही अनेक मंडळ्यांची जुनी सवय. १९६९ च्या गीतसंग्रहातील एक स्तुतिगीत तर '६०६' या क्रमांकानेच ओळखले जाते. जेवणही सामुदायिक असते.

मतभेद झाले तर?

परिषदेचे बळ मुख्यतः संमतीवर टिकते. न पटल्यास मंडळी किंवा अख्खी परिषदही बाहेर पडू शकते. १६९३ मध्ये याकोब अम्मान यांच्या कडक शिस्तीच्या आग्रहावरून फूट पडली आणि आमिश पंथ वेगळा झाला. अलीकडे समलैंगिक विवाहाच्या प्रश्नावरून अमेरिकेत असेच घडले. लँकेस्टर ही तिथली सर्वांत मोठी विभागीय परिषद २०१७ च्या अखेरीस 'मेनोनाइट चर्च यूएसए'मधून बाहेर पडली. पुढे मे २०२२ मध्ये कॅन्सस सिटी येथील विशेष अधिवेशनात प्रतिनिधींनी पाळकांना असे विवाह लावण्यास मनाई करणारी नियमावली रद्द केली. काहींच्या दृष्टीने हा न्याय होता, तर काहींच्या दृष्टीने बायबलच्या शिकवणीपासून दूर जाणे. एकत्र राहण्यासाठी किती मतभेद सोसायचे, हा प्रश्न त्यामुळे अनेक परिषदांसमोर उभा राहिला.

भारतात मेनोनाइट

अमेरिकन मेनोनाइट मिशनरी दुष्काळाच्या काळात, १८९९ मध्ये, धमतरीला आले. आज छत्तीसगडमध्ये असलेले हे गाव तेव्हा मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. पंथाचे जागतिक अधिवेशन जानेवारी १९९७ मध्ये कोलकात्याला भरले होते.

पाहुणा म्हणून जाताना

मतदान फक्त प्रतिनिधी करतात. उपासनेला मात्र बहुधा कोणीही बसू शकतो. कामकाजाची सत्रे पाहुण्यांसाठी खुली आहेत का आणि नावनोंदणी लागते का, हे आयोजकांना आधी विचारावे. छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कारण जुन्या वळणाच्या काही गटांना ती आवडत नाहीत. गाणे सुरू झाले की पाहुण्याच्या हातीही गीतसंग्रह दिला जातो. सूर जमला नाही तरी कोणी हरकत घेत नाही.