दारूखाना, परमिट रूम आणि चार ग्लास

हार्बर लाईनवर रे रोडला उतरून पूर्वेला गेलं की दारूखाना लागतो. नवा माणूस नाव ऐकून हमखास हसतो. पण मंडळी, ही दारू ग्लासातली नव्हे, तोफेतली! आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच. शेजारी माझगावात गनपावडर रोड अजून आहे, त्यावरून काय ते समजा. पुढे हा भाग जुनी जहाजं तोडण्यासाठी ओळखला जाऊ लागला. आणि 'रे' म्हणजे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे.

तर याच भागातल्या एका हॉटेलात गेल्या महिन्यात आम्ही ऑफिसातले पाच जण जेवायला बसलो. दोन वाईन, दोन बिअर मागवायच्या आणि सगळ्यांनी थोडं थोडं चाखायचं असं ठरलं होतं. नाशिकची शेनिन ब्लाँ बोंबील फ्रायबरोबर झकास लागली. शिराझने मात्र मटण सुक्क्यापुढे हात टेकले. रेड वाईनमधलं टॅनिन आणि आपलं तिखट एकत्र आलं की दोन्ही जास्तच बोचतात. तिथे गव्हाची बिअर कामाला आली. (लागर कुणालाच आठवत नाही, म्हणजे ती बरी असावी.)

आमच्यातला सगळ्यात लहान २४ वर्षांचा. त्याला शेवटी व्हिस्की हवी होती. वेटरकाका म्हणाले, "साहेब, पंचवीस पूर्ण पाहिजेत." वाईन आणि माईल्ड बिअर एकविसाव्या वर्षी चालते, व्हिस्की पंचविसाव्या. वर काकांनी विचारलं, "परमिट आहे का?" आम्ही सगळे हसलो. पण कायद्याने प्रश्न अगदी बरोबर होता. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० ला, आयुष्यभराचा १००० ला. आणि तो मिळतो 'आरोग्य टिकवण्यासाठी'! चव आवडते म्हणून कुणी पितो, हे या कागदाला ठाऊकच नाही.

हे असं का, ते बघायला थोडं मागे जाऊ. मुंबईची मूळची दारू म्हणजे माडी-ताडी, आणि ती काढणारे भंडारी. १८७८ च्या अबकारी कायद्याने सरकारने या धंद्यावर पकड घट्ट केली, झाडामागे कर वाढला, आणि शेकडो वर्षांचा घरचा व्यवसाय परवडेनासा झाला. म्हणजे 'आधी कागद दाखवा' हे इंग्रजांपासूनचं. काँग्रेसला दारूबंदी तत्त्व म्हणून हवी होती. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत ती आणलीही, पण नोव्हेंबरात मंत्रिमंडळच गेलं. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून सगळं बंद.

याविरुद्ध कोर्टात गेले फ्राम नसरवानजी बलसारा. त्यांना व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर आणि चक्क यू-डी-कोलोन बाळगायचा हक्क हवा होता. २५ मे १९५१ ला सुप्रीम कोर्टाने औषधं आणि प्रसाधनं सोडवली, बाकी कायदा बहुतेक तसाच ठेवला. मला हा निकाल वाचताना गंमत वाटते ती त्या यादीची. बलसारांच्या यादीत वाईन आणि अत्तरपाणी शेजारी शेजारी आहेत.

बंदीने पिणं थांबलं का? छे. ज्याची डॉक्टरांशी ओळख, त्याला परवाना. बाकीच्यांना माझगाव-वांद्र्याच्या 'आंटी', आणि धारावी-सायनच्या बाजूच्या हातभट्ट्या. १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंधनं सैल झाली, परमिट रूम आल्या. कायदा मात्र कुणी रद्द केला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लीगसी कोड. डिलीट करायची हिंमत नाही, म्हणून वर अपवाद चढवत जायचं. नंतर नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' झालं. 'दारूबंदी' तसंच आहे.

सगळ्यात मोठा अपवाद वाईनसाठी झाला. ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी नाशिकला द्राक्षं लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. (नोकरी सोडायची स्वप्नं बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी. ह. घ्या.) त्याआधी नारायणगावला श्यामराव चौगुल्यांच्या इंडेजने १९८० च्या दशकातच शॅम्पेनच्या धर्तीवर वाईन केली होती. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला अबकारी करात मोठी सूट दिली. कारण शेतकरी! वाईन दारूच्या रांगेतून उठून शेतमालाच्या रांगेत जाऊन बसली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा मात्र विरोध इतका झाला की ते तिथेच राहिलं.

मला वाईनच्या सवलतीबद्दल तक्रार नाही, मी स्वतः ती पितो. पण हा कायदा ज्याच्या भल्यासाठी म्हणून केला, तो गिरणी-गोदीतला माणूस या सगळ्यात कुठे आहे? जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांच्यासाठी कुणी टेस्टिंगचं धोरण आणलं नव्हतं. आमच्या टेबलावर चार ग्लास आणि हसण्यावारी गेलेला परमिटचा प्रश्न, तिथे मिथेनॉल.

एक दिवसाच्या परवान्याचे दरही दोन आहेत. विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशी दारूसाठी २. यातलं 'विदेशी' बहुतेक सगळं भारतातच बनतं.