जुन्या मोटरहोमच्या बिजागऱ्या : गंजाचे कारण व दुरुस्ती

स्वयंपाकघर, शय्या व स्नानगृह असलेले मोटरहोम घेऊन देशाटनाला निघण्याची हौस अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. या वाहनाच्या फरशीखाली सामानाचे कप्पे असतात. त्यांची दारे बाहेरून, बहुधा वरच्या बाजूस उघडतात. वाहन जुने झाले की या दारांच्या बिजागऱ्या आवळतात, झिजतात किंवा तुटतात. महामार्गावर एखादे दार निखळले, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

दोषाचे मूळ बहुतेकदा धातूंच्या जोडीत असते. बिजागरी अ‍ॅल्युमिनियमची आणि पिन वा स्क्रू पोलादी असल्यास, ओलावा शिरताच तेथे सूक्ष्म विद्युतघट तयार होतो. अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि पांढरी भुकटी साचून पिन जखडते. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ ही क्रिया वाढवते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यातही तांब्याचा पत्रा व लोखंडी पट्ट्या यांच्यात हेच घडले होते. १९८४ ते १९८६ मधील जीर्णोद्धारात पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या बसवून मध्ये टेफ्लॉनचा थर देण्यात आला.

दुरुस्तीपूर्वी दाराला खालून भक्कम टेकू द्यावा. दार उचलून धरणारे वायुदाबाचे दांडे त्यानंतरच सोडवावेत. दाराची मूळ जागा चिकटपट्टीने खुणावून ठेवावी. जखडलेल्या पिनेवर गंज सैल करणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. घाईने हातोडा चालवल्यास बिजागरीची नळीच फाटते. स्क्रू निघत नसेल, तर तो ड्रिलने कोरून काढावा. लांब पट्टीची बिजागरी फाटली असेल, तर ती पूर्ण बदलणेच श्रेयस्कर.

स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावला की काम संपले, हा गैरसमज आहे. तोही अ‍ॅल्युमिनियमपेक्षा भिन्न धातूच होय. म्हणून नायलॉनचे वॉशर आणि गंजरोधक लेप वापरून दोन्ही धातू विलग ठेवावेत. बिजागरीच्या पट्टीमागे ब्युटाइलची पट्टी लावल्यास पाणी आत शिरत नाही. वंगण कोरडे, टेफ्लॉनयुक्त असावे. ग्रीसवर धूळ बसते.

शेवटी दार अनेकदा उघडून-मिटून कुलूप नीट बसते का, हे पाहावे. कारण बिजागरी कितीही नवी असली, तरी प्रवासात दार मिटलेले ठेवण्याचे काम कुलपाचेच असते.