शस्त्र कोठें ठेवावें?

माझा एक जुना विद्यार्थी गेलीं कांहीं वर्षें अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत एका कारखान्यांत इंजिनियर आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचें जें पत्र आलें, त्यांतील एक मजकूर वाचून मला प्रथम हंसूं आलें व मागाहून मी बराच वेळ विचारांत पडलों. नोकरीच्या पहिल्या दिवशीं त्याच्या हातीं नियमांचें एक पुस्तक देण्यांत आलें. इमारतींत कोणतेंही शस्त्र आणणाऱ्यास तत्काळ कामावरून दूर करण्यांत येईल, असें त्यांत बजावलें होतें. आणि लगेच पुढच्या कलमांत असें लिहिलें होतें कीं, कायदेशीर रीतीनें बाळगलेलें शस्त्र कुलूपबंद मोटारींत ठेवून ती मोटार कारखान्याच्या आवारांत उभी करण्यास हरकत नाहीं, कारण राज्याचा कायदाच मालकास तशी हरकत घेऊं देत नाहीं. "सर, दारापासून शंभर पावलांवर जो हक्क, तोच दारांत अपराध कसा होतो? ही रेषा कोणीं आणि केव्हां आंखली?" असा त्याचा प्रश्न होता.

इतिहासाच्या शिक्षकास कोणी "केव्हां" असें विचारलें म्हणजे त्यास स्वस्थ बसवत नाहीं. शिवाय आज आपल्यांतील कितीतरी घरांतील मुलें-मुली त्या देशांत नोकरीस आहेत. त्यांच्या मोटारीशेजारच्या मोटारींत काय असूं शकतें, हें येथील आईबापांसही कळलेलें बरें. आपल्याकडे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें, आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेंही परवान्याचें तत्त्व कायमच ठेवलें. त्यामुळें बंदूक कोठें ठेवावी हा प्रश्न आमच्या पांढरपेशा घरांत सहसा उद्भवतच नाहीं. अमेरिकेंत मात्र त्यास कित्येक शतकांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाचें मूळ इंग्लंडांत सांपडतें. तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत १३२८ सालीं नॉर्थॅम्प्टन येथें जो कायदा झाला, त्यानें जत्रेंत, बाजारांत व राजाच्या न्यायाधीशांसमोर सशस्त्र जाण्यास बंदी केली. पुढें १६८९ च्या हक्कांच्या सनदेंत प्रॉटेस्टंट प्रजाजनांस आपल्या स्थितीस अनुरूप व कायद्याच्या मर्यादेंत शस्त्रें बाळगण्याची मुभा मिळाली. म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क आणि तें कोठें नेऊं नये याचा निर्बंध, हे दोघे एकाच घरांत वाढलेले भाऊ आहेत. अटलांटिक ओलांडल्यावर मात्र त्यांच्या वांट्यास निरनिराळीं दैवें आलीं. जॉर्जिया वसाहतीनें १७७० सालीं असा कायदा केला कीं, गोऱ्या पुरुषांनीं प्रार्थनामंदिरांत जातांना बंदूक बरोबर नेलीच पाहिजे. याचें कारण भक्ति नसून भय होतें. रविवारीं सारे मालक मंदिरांत जमले असतां गुलामांनीं उठाव केला तर काय, ही धास्ती त्या कायद्याच्या मुळाशीं होती. ज्या समाजानें माणसांस दावणीस बांधलें, त्यास देवापुढेंही निःशस्त्र बसण्याची सोय उरली नाहीं! १७९१ सालीं अमेरिकेच्या घटनेंत दुसरी दुरुस्ती दाखल होऊन शस्त्र बाळगण्याच्या हक्कास कायमचें स्थान मिळालें. परंतु तो हक्क कोणत्या उंबरठ्यापाशीं थांबतो, हें तेथें सांगितलेलें नाहीं.

तो उंबरठा कोठें असावा याचा खरा प्रयोग झाला तो पश्चिमेकडील सरहद्दीवर. चित्रपटांनीं आपली अशी समजूत करून दिली आहे कीं, तेथें प्रत्येक जण कमरेस पिस्तूल लावून गांवभर मिरवत असे. वस्तुस्थिति जवळजवळ उलट होती. कॅन्सस राज्यांत गुरांचे कळप घेऊन येणाऱ्या गुराख्यांच्या गांवांनीं शस्त्रबंदीचे नियम लवकरच केले. विचिटा गांवाच्या वेशीवर, पिस्तुलें पोलीस कचेरींत द्या आणि बिल्ला घेऊन जा, अशा अर्थाची पाटी असे. आपण देवळापाशीं वहाणा ठेवून आंत जातों, तसें हें पिस्तूल ठेवणें. बाहेर पडतांना बिल्ला दाखवावा व आपली वस्तु परत घ्यावी.

ॲरिझोनांतील टूम्स्टोन या खाणींच्या गांवानें १८८१ च्या एप्रिलमध्यें असाच नियम केला. गांवांत येणाऱ्यानें आपलें शस्त्र नेमलेल्या ठिकाणीं जमा करावें. मात्र जो नुकताच येत आहे किंवा लगेच जाणार आहे, त्यास तें ठेवण्यापुरता वा नेण्यापुरता वाजवी वेळ मिळावा, अशी त्यांत सवलत होती. २६ ऑक्टोबर १८८१ रोजीं ओ. के. कोरल या घोडे ठेवण्याच्या आवाराजवळ जी प्रसिद्ध चकमक झाली, तिचें मूळ या नियमांत होतें. त्याच सकाळीं आईक क्लँटन यास गांवांत शस्त्र बाळगल्याबद्दल दंड झाला होता. दुपारीं मार्शल व्हर्जिल अर्प हा आपले दोन भाऊ व डॉक हॉलिडे यांसह क्लँटन व मॅक्लोरी यांचीं शस्त्रें काढून घेण्यास निघाला. अवघ्या अर्ध्या मिनिटांत तीन माणसें ठार झालीं. मागाहून चौकशींत वाद निघाला तो हाच, कीं हे लोक गांवांत राहत होते कीं गांव सोडून चालले होते? त्यांच्या बरोबरच्या घोड्यांच्या खोगिरांस रायफली अडकविलेल्या होत्या. खोगिरावरची रायफल ही माणसाच्या हातांतील शस्त्र समजावी कीं नुसतें प्रवासाचें सामान? वाचकांनीं घोड्याच्या जागीं मोटार घालून पाहावी. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्रांतील प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच त्या मोकळ्या जागेंत उभा होता, असें दिसून येईल.

मोटार आली आणि हा गुंता वाढला. १९०८ पासून फोर्डची मॉडेल टी गाडी सामान्य माणसाच्या आवांक्यांत येऊं लागली, आणि अमेरिकन मनुष्य आपलें अर्धें घर बरोबर घेऊन फिरूं लागला. पण ही मोटार घर समजावी कीं रस्ता? दारूबंदीच्या काळांत, १९२५ सालीं, कॅरोल खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सबळ कारण असल्यास पोलिसांस वॉरंटावांचून मोटार झडतां येते, कारण घराप्रमाणें ती जागच्या जागीं राहत नाहीं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें ती घराहून कमी ठरली. लोकांच्या मनांत मात्र ती घरच राहिली. खेड्यापाड्यांतील कामगार हरणाच्या शिकारीच्या दिवसांत पहांटे रानांत जावें, तेथून परस्पर कामावर यावें, आणि रायफल गाडींतच असावी, यांत कोणासही वावगें वाटत नसे.

ती सहजता रक्तानें संपली. १९८६ च्या ऑगस्टमध्यें ओक्लाहोमांतील एडमंड येथील टपाल कचेरींत एका कर्मचाऱ्यानें आपल्या चौदा सहकाऱ्यांस गोळ्या घालून ठार केलें. अशा घटनांच्या भीतीनें मालक आपल्या आवारांत शस्त्रबंदी घालूं लागले. उलट बाजूची घटनाही लवकरच घडली. १६ ऑक्टोबर १९९१ रोजीं टेक्ससमधील किलीन येथें एका खाणावळींत एका माथेफिरूनें तेवीस माणसें मारलीं. आईबापांसह तेथें जेवावयास आलेल्या सुझाना हप या बाईंचें रिव्हॉल्वर बाहेर त्यांच्या मोटारींत होतें. तें जवळ बाळगणें त्या वेळीं तेथें बेकायदेशीर असल्यामुळें त्यांनीं कायदा पाळून तें मोटारींतच ठेवलें होतें. त्या गोळीबारांत वडील गेले, आईही गेली. पुढें या बाई टेक्ससच्या विधिमंडळांत निवडून आल्या व शस्त्र बाळगण्याच्या मोकळिकीच्या मोठ्या पुरस्कर्त्या झाल्या. त्यांच्या मताशीं आपण सहमत असूं वा नसूं, परंतु त्यांच्या दुःखास तर्कानें उत्तर देण्याचें धाडस कोणी करूं नये.

आतां मिसिसिपी या एकाच राज्यांतील दोन गाड्या पाहूं. १ ऑक्टोबर १९९७ रोजीं पर्ल येथील शाळेंत एका विद्यार्थ्यानें गोळीबार केला, तेव्हां उपमुख्याध्यापक धांवत आपल्या गाडीकडे गेले, आंतील पिस्तूल काढलें व त्या मुलास पळून जातांना अडविलें. ८ जुलै २००३ रोजीं त्याच राज्यांतील मेरिडियन येथें एका विमान-कारखान्यांतील कामगार बैठकींतून रागानें उठला, बाहेर आपल्या गाडीपाशीं गेला, आंतील बंदुका घेऊन परत आला व त्यानें आपल्या सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. दोन्ही गाड्या बाहेर उभ्या होत्या, दोहोंतही शस्त्र होतें, दोघेही त्या शस्त्रासाठीं गाडीकडे गेले. एका गाडीनें प्राण वांचविले, दुसरीनें घेतले. जो कोणी यांपैकीं एकच गोष्ट सांगतो तो वकील आहे. इतिहास सांगावयाचा तर दोन्ही सांगाव्या लागतात.

कायद्याचा लढा पेटला तो ओक्लाहोमांत. २००२ च्या ऑक्टोबरमध्यें व्हॅलियंट या लहानशा गांवांतील कागदाच्या गिरणीनें कुत्रीं आणून कामगारांच्या उभ्या गाड्यांची झडती घेतली. ज्यांच्या गाड्यांत बंदुका सांपडल्या, त्यांस कामावरून काढून टाकलें. शिकारीचा तो मुलूख, लोक खवळले. न्यायालयांत ते कामगार हरले, परंतु विधिमंडळांत जिंकले. २००४ सालीं राज्यानें असा कायदा केला कीं, कुलूपबंद मोटारींतील शस्त्रास मालकानें मनाई करूं नये. मोठ्या कंपन्यांनीं त्यास आव्हान दिलें. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचें कर्तव्य १९७० च्या संघराज्याच्या कायद्यानें मालकावर टाकलें असतां राज्यानें त्याचे हात बांधावे हें विसंगत आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. २००७ सालीं जिल्हा न्यायालयानें तें मान्य केलें. २००९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. दरम्यान २००८ सालीं फ्लोरिडानें व २०११ सालीं टेक्ससनें असेच कायदे केले, आणि आज वीसहून अधिक राज्यांत ते आहेत. फ्लोरिडाच्या कायद्यानें शाळा, तुरुंग, अणुशक्तीचीं केंद्रें आणि स्फोटकांचा साठा असलेल्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे धोका असतो हें कायदा करणारांसही मान्य आहे, वाद आहे तो किती धोका पत्करावा एवढाच.

या वादांत एक मौज आहे. मालकाच्या मालमत्तेचा हक्क पवित्र मानणारे पुष्कळ पुढारी येथें मालकाविरुद्ध उभे राहिले, आणि एरवीं मालकाच्या सत्तेस आळा घालूं पाहणारे कित्येक मालकाच्या बाजूस गेले. ज्याच्या जमिनीवर गाडी उभी आहे त्याचा शब्द चालावा, कीं ज्याची गाडी आहे त्याचा? कामगार रात्रपाळी संपवून निर्जन रस्त्यानें एकटा घरीं जातो, त्या वाटेवरचें संरक्षण मालकानें कां हिरावून घ्यावें, हा प्रश्न पोकळ नाहीं. पण २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या उत्तर कॅरोलायनांतील एका संशोधनांत असें आढळलें कीं, जेथें शस्त्रास मुभा होती त्या कामाच्या जागीं खुनाचा संभव जवळजवळ पांचपट होता, हेंही पोकळ नाहीं. आणि उभ्या मोटारींतून बंदुका चोरीस जाण्याचे प्रकार अलीकडे इतके वाढले आहेत कीं, गाडीचें कुलूप हें चोरासाठीं नसून मालकाच्या समाधानासाठीं असावें, अशी शंका येते.

२०२२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ब्रूएन खटल्यांत असें ठरविलें कीं, शस्त्रावरील कोणताही निर्बंध राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेस धरून आहे काय, हें पाहिलें जावें. तेव्हांपासून वकील जुने कायदे धुंडाळूं लागले आहेत. परंपरा कोणती म्हणावी, नॉर्थॅम्प्टनची, जॉर्जियाच्या मंदिराची कीं टूम्स्टोनची? आपल्या विषयास एवढें महत्त्व आलेलें पाहून इतिहासाच्या शिक्षकास आनंद व्हावा. पण मला थोडी भीतीच वाटते. इतिहास साक्ष देऊं शकतो, न्याय मात्र जिवंत माणसांसच करावा लागतो.

माझ्या विद्यार्थ्यास मी जें उत्तर पाठविलें, त्याचा सारांश इतकाच होता. जुन्या गांवांत शस्त्र वेशीवर ठेवीत, तेव्हां तें घेणारा एक मनुष्य तेथें असे. परत मागावयास येणारा दारू प्यालेला आहे, कीं त्याचे डोळे रागानें लाल झाले आहेत, हें तो पाहूं शकत असे. आणि हवें तर 'उद्यां ये' म्हणूं शकत असे. आजच्या मोटारतळावर माणसाच्या जागीं कुलूप आलें आहे, आणि त्याची किल्ली ज्याची त्याच्याच खिशांत आहे. कुलूप धन्याचा चेहरा वाचीत नाहीं. ही रेषा कोणीं आंखली, असें तूं विचारतोस; परस्परांवर विश्वास टाकूं न शकलेल्या लोकांनीं ती आंखली. इमारतींत मालकाच्या भयास मान दिला, मोटारींत कामगाराच्या भयास. आणि मधलीं शंभर पावलें कोणाच्याच ताब्यांत राहिलीं नाहींत. मेरिडियनचा तो कामगार त्याच शंभर पावलांवरून गेला व परत आला. तेवढ्या वेळांत त्यास हांक मारून थांबविणारा कोणी भेटता तर!