कीवर्डांचा क्रम

प्रोग्रामिंगच्या भाषेत एकाच घोषणेत अनेक कीवर्ड आले, तर कोणता आधी आणि कोणता नंतर लिहायचा याचा संकेत. काही भाषांत हा क्रम व्याकरणाने बांधलेला असतो, काहींत तो निव्वळ रूढीचा भाग असतो.

टपालाच्या पत्त्यात हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी दिसतात. ‘बडकस चौक, महाल, नागपूर’ यातले शब्द मागेपुढे झाले तरी पत्र पोचते. पिनकोडात मात्र आरंभीचे ४४० हे अंक नागपूर दाखवतात. त्यांचे ४०४ केले की पत्ता नागपूरचा राहत नाही.

जावामध्ये ‘पब्लिक स्टॅटिक फायनल’ आणि ‘फायनल स्टॅटिक पब्लिक’ कंपायलरला सारखेच. तरीही गॉस्लिंग, जॉय आणि स्टील यांच्या १९९६ च्या भाषा-विनिर्देशात क्रम सुचवलेला आहे. तो सक्तीचा नाही, पण प्रघाताचा आहे, असे तिथे म्हटले आहे. गूगलची जावा-शैली तोच क्रम पाळायला सांगते आणि चेकस्टाइल हे साधन तो मोडलेली जागा दाखवते. ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ आधी येणे योग्यच आहे, कारण ही गोष्ट कोणाला वापरता येईल, हे वाचणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवे.

खरा वाद सी आणि सी++ मध्ये आहे. ‘कॉन्स्ट इंट’ आणि ‘इंट कॉन्स्ट’ यांचा अर्थ एकच. पण पॉइंटरची चांदणी आली की ‘कॉन्स्ट’ तिच्या डावीकडे आहे की उजवीकडे, यावर सगळे ठरते: डावीकडे असेल तर मूल्य स्थिर, उजवीकडे असेल तर पॉइंटर स्थिर. म्हणून काही जण ‘कॉन्स्ट’ नेहमी उजवीकडेच लिहितात. त्यांचा युक्तिवाद भक्कम आहे; तरी स्ट्राउस्ट्रुप आणि सटर यांच्या संपादनाखालील सी++ मार्गदर्शिका बहुसंख्यांच्या सवयीचा ‘कॉन्स्ट इंट’ हाच क्रम सुचवते. प्रत्येक चमूने एक बाजू निवडावी आणि अंमलबजावणी क्लँग-फॉरमॅट या साधनावर सोपवावी. २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीपासून ते ‘कॉन्स्ट’ आपणहून हलवू शकते. ‘स्टॅटिक’सारखा शब्द घोषणेच्या आरंभी न लिहिणे सीच्या १९८९ च्या मानकानेच कालबाह्य ठरवले आहे.

रस्ट या भाषेने हा प्रश्न व्याकरणातच मिटवला. तिथे ‘अनसेफ असिंक’ लिहिले तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. ‘असिंक’ आधी हवे, असे कंपायलर सांगतो.